नाण्याचे रूप आणि नाण्याचे मोल



प्रारंभी घरचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या आजीच्या पेटीत एकाच सालचे दोन हाली रुपये होते. एका दिवाळीला त्यांतला एक आम्ही चिंच आणि राख लावून लख्ख घासला. दुसरा तसाच काळसर राहिला. पुढे पुष्कळ वर्षांनी ते दोन्ही आम्ही एका जाणकारापुढे ठेवले. त्याने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "या चकचकीत रुपयाला चांदीचा भाव देतो. काळ्याचे बोला, काय घ्याल?" आमची हौस आमच्याच अंगाशी आली होती!

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना हाली रुपया सांगावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड, लातूर हा सारा मुलूख निजामी राज्यात होता. बाजारात हाली आणि कलदार अशी दोन नाणी चालत. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा हिशेब व्यापाऱ्याला तोंडपाठ असे. १९५० नंतरच्या दशकात हाली चलन मागे घेतले गेले; पण पेट्यांतून, देव्हाऱ्यांतून आणि बायकांच्या माळांतून ते रुपये राहिले.

या रुपयाच्या एका बाजूस चारमिनार आहे. मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले, आणि चारमिनारच्या दरवाज्यात त्यांच्या नावातील 'ऐन' हे आद्याक्षर आले. काही नाण्यांत हे अक्षर अपुरे आहे, काहींत पूर्ण. संग्राहक प्रथम असा भेद पाहतो, मग साल पाहतो. ही झाली दुर्मिळता. त्यानंतर पाहावयाची ती नाण्याची अवस्था.

अवस्था मोजण्यासाठी विल्यम शेल्डन या अमेरिकनाने १९४९ मध्ये १ ते ७० अशी श्रेणी मांडली. त्याची मूळ कल्पना अशी, की अंक जितका मोठा तितक्या पटीने किंमत मोठी. आज कंपन्या नाणे तपासून, अंक देऊन पारदर्शक डबीत बंद करतात. ठसा जेथे उंच असतो तेथे झीज आधी होते. ती झीज, ओरखडे आणि मूळ झळाळी पाहून हा अंक ठरतो.

मग अंक सारखा असता किंमत निराळी का? कारण घेणारा अंक विकत घेत नाही, नाणे घेतो. चांदीवर हवेतील गंधकाचा परिणाम होऊन काळाचा एक पातळ थर चढतो. तो समान चढला, की त्यात कधी निळी, कधी तांबूस, कधी सोनेरी छटा दिसते. डागाडागाने चढला, की नाणे रोगट दिसते. दोघांची झीज सारखी, अंकही सारखा. पण पहिल्यासाठी चार गिऱ्हाईके भांडतात आणि दुसरे पडून राहते. पुन्हा विकावयाचे झाले तरी देखणे नाणे लवकर खपते, हेही घेणारा जाणतो. म्हणजे रूपाला किंमत देणे हा निव्वळ छंद नव्हे, व्यवहारही आहे.

परंतु जेथे रूपाला दाम आहे, तेथे रूप बनविणारेही आहेत. रसायने लावून नाण्यावर रंग चढविले जातात. नाण्यांप्रमाणे अमेरिकेत खेळाडूंची जुनी चित्रपत्रेही अंक देऊन विकतात. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे, १९०९ ते १९११ च्या काळात तंबाखूच्या पाकिटांतून निघालेले एक पत्र तर जगप्रसिद्ध आहे. त्याच्या एका प्रतीच्या कडा अत्यंत रेखीव. दहापैकी आठ अंक तिला मिळाले आणि २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरला गेली. पुढे २०१३ मध्ये एका लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केले, की त्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या! डोळा भुलला आणि अंक देणाराही फसला.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरात जुने नाणे असेल तर ते घासू नका. राखेने काळेपणा जातो, पण त्याबरोबर धातूचा वरचा पापुद्राही जातो आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. नाणे कडेला धरावे, कोरड्या जागी ठेवावे. कोणी फार सुंदर नाणे दाखविले, तर आनंद जरूर माना. पण ते इतके सुंदर कसे राहिले, हा प्रश्नही विचारा.

आणि आजीच्या माळेतला, कडी डाखलेला रुपया? बाजार त्याला खराब म्हणेल. चांदीच्या भावाहून फारसे अधिक देणार नाही. बाजाराचे ते खरेच आहे. पण ती कडी कोणी, कोणत्या सणाला लावून घेतली हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. आज घरी गेल्यावर त्यांना ते विचारा आणि लिहून ठेवा. ती माहिती पुसली गेली, तर कोणतेही भिंग ती परत देणार नाही.