टाळ्यांनंतरचा प्रश्न



एखाद्या नेत्याचं भाषण गाजलं, की आपण त्याच्या अनुयायांकडे पाहतो. टाळ्या किती पडल्या, घोषणा किती झाल्या, याचा हिशेब मांडतो. मला मात्र वाटतं, की भाषणाचा कस पाहायचा तर विरोधकांकडे पाहावं. अनुयायी टाळ्या वाजवायलाच आलेला असतो. विरोधकाला मात्र त्या क्षणी ठरवावं लागतं, की या माणसाचं करायचं काय? हसण्यावारी न्यायचं, शिव्या द्यायच्या, की उत्तर द्यायचं? आज अशाच एका भाषणाची आणि त्याच्या विरोधकांची हकिगत सांगणार आहे. ती अमेरिकेतली आहे, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. पण तिचा एक धागा थेट आपल्या मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येतो.

१८९३ सालच्या जूनपर्यंत आपल्याकडे अशी सोय होती, की कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत. २६ जून १८९३ रोजी सरकारनं ही सोय बंद केली. जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक कमी झालं आणि चांदीचा भाव कोसळला. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, गिरण्या-कारखाने बंद पडले. शेतकऱ्याची अवस्था तर आपल्याला समजावून सांगायला नको. काही वर्षांपूर्वी एका डॉलरला विकला जाणारा गहू निम्म्या किमतीवर आला होता. कर्ज मात्र तेवढंच. म्हणजे शंभर पोती गव्हाच्या किमतीएवढं कर्ज काढलेल्यानं ते फेडायला दोनशे पोती विकायची.

शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की चलन केवळ सोन्यावर बांधलं आहे, सोनं थोडं आहे, म्हणून पैसा दुर्मीळ आणि महाग झाला आहे. सोन्याच्या जोडीला चांदीचंही नाणं पूर्वीसारखं मुक्तपणे पाडा, सोळास एक या प्रमाणात. सावकार, बँका आणि पूर्वेकडची मोठी शहरं म्हणत, की ही शुद्ध फसवणूक आहे. बाजारात चांदीची किंमत त्याच्या जवळजवळ निम्मीच आहे.

हा वाद घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन जुलै १८९६ मध्ये शिकागोत भरलं. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड याच पक्षाचे, पण सोन्याच्या बाजूचे. पक्ष उभा दुभंगलेला. ९ जुलैला धोरणाच्या ठरावावर चर्चा झाली. सोन्याच्या बाजूनं न्यूयॉर्कचे सिनेटर डेव्हिड हिल यांच्यासारखे मुरब्बी लोक बोलले. सर्वांत शेवटी उभा राहिला नेब्रास्काचा एक माजी खासदार, विल्यम जेनिंग्ज ब्रायन. वय अवघं छत्तीस. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला पस्तीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्यापेक्षा एकच वर्ष जास्त.

श्रोतेहो, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. समोर हजारोंचा समुदाय आणि साधन काय, तर गळा. ब्रायनचा आवाज त्या अवाढव्य सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता, असं सगळेच सांगतात. त्यानं शेवट केला तो ख्रिस्ताच्या क्रूसाची प्रतिमा घेऊन. श्रमिकाच्या कपाळावर काट्यांचा मुकुट दाबू नका, माणसाला सोन्याच्या क्रूसावर चढवू नका, असं म्हणत त्यानं दोन्ही हात क्रूसासारखे पसरले आणि काही सेकंद तसाच उभा राहिला. सभागृह चिडीचूप. तो खाली उतरू लागला, आणि मग जो कल्लोळ उठला तो अर्धा तास शमला नाही. चांदीचा ठराव मोठ्या बहुमतानं संमत झाला. दुसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीत, ब्रायन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला.

आता विरोधकांकडे वळू.

पहिले विरोधक पक्षातलेच. डेव्हिड हिल यांना कुणीतरी विचारलं, की तुम्ही अजून डेमोक्रॅटच आहात ना? इंग्रजीत 'स्टिल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, 'अजूनही' आणि 'निश्चल, गप्प'. हिल म्हणाले, असं सांगतात, की हो, मी 'स्टिल' डेमोक्रॅट आहे, अगदी 'स्टिल'! म्हणजे पक्षात आहे, पण तोंडाला कुलूप लावून. इतरांनी तेवढाही संयम ठेवला नाही. सोन्याच्या बाजूच्या डेमोक्रॅटांनी सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिसला वेगळं अधिवेशन भरवून आपला वेगळा उमेदवार उभा केला.

दुसरे विरोधक वर्तमानपत्रवाले, व्यंग्यचित्रकार आणि धर्मोपदेशक. 'जज' नावाच्या साप्ताहिकानं चित्र छापलं, त्यात ब्रायन बायबल पायाखाली तुडवून क्रूस आणि काटेरी मुकुट मिरवतो आहे. एका धर्मोपदेशकानं म्हटलं, याची देशभक्ती सगळी जबड्यात आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात तर 'ब्रायन वेडा आहे काय?' अशी मानसोपचारतज्ज्ञांच्या हवाल्यानं चर्चा झाली. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच्या साथीदारांची तुलना फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रक्तपिपासू पुढाऱ्यांशी केली.

या शिव्यांनी काय साधलं? ज्या शेतकऱ्याच्या घरावर जप्ती आली होती, त्याला त्या वाचून एकच कळलं असणार, की आपलं दुखणं बोलून दाखवणाऱ्याला हे लोक वेडा ठरवतात. म्हणजे आपणही यांच्या लेखी वेडेच. वक्त्याला दिलेली शिवी वक्त्यापाशी थांबत नाही, ती त्याच्या श्रोत्यांनाही लागते. हे विरोधक नेहमी विसरतात.

तिसरा विरोधक मला सर्वांत शहाणा वाटतो. तो म्हणजे ब्रायनचा प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार विल्यम मॅकिन्ली. ब्रायन आगगाडीनं देशभर फिरत होता. सुमारे अठरा हजार मैल, सहाशेच्या आसपास भाषणं. मॅकिन्लीला त्याचे लोक म्हणाले, तुम्हीही बाहेर पडा. त्यानं नकार दिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की ब्रायनशी भाषणात स्पर्धा करणं म्हणजे एखाद्या कसलेल्या खेळाडूपुढे मी आपल्या अंगणात झोका टांगून कसरती करण्यासारखं आहे. मला बोलताना विचार करावा लागतो. यात शेवटी एक चिमटा आहे, नाही असं नाही. पण त्याआधी एक प्रांजळ कबुली आहे. त्याची देणगी माझ्यापाशी नाही, हे त्यानं मान्य केलं आणि मग आपल्याला काय जमतं ते शोधलं.

मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवरच बसला. लोक सवलतीच्या भाड्यात आगगाडीनं त्याच्या दारी येऊ लागले. निवडणूक होईपर्यंत सुमारे साडेसात लाख माणसं आली. तो प्रत्येक शिष्टमंडळाचं ऐकून घेई आणि चार मोजकी वाक्यं बोले. त्याचा व्यवस्थापक मार्क हॅना यानं बँका आणि कंपन्यांकडून सुमारे पस्तीस लाख डॉलर उभे केले. सात कोटी लोकसंख्येच्या देशात वीस कोटींहून अधिक पत्रकं वाटली, तीही जर्मन, स्वीडिश, इटालियन अशा अनेक भाषांत. कारखान्यांतून धमक्याही दिल्या गेल्या, की ब्रायन आला तर बुधवारी कामावर येऊ नका. हे सारं पावित्र्यानं झालं असं मी म्हणणार नाही.

पण त्या पत्रकांत एक उत्तरही होतं. शहरातल्या कामगाराला त्यांनी विचारलं, की डॉलर स्वस्त झाला तर धान्य महाग होईल, शेतकऱ्याचं भलं होईल, पण तुझी मजुरी तेवढी वाढेल का? तुझ्या बचतीचं काय होईल? ब्रायनच्या भाषणाला इथंच भोक होतं. तो म्हणाला होता, की तुमची शहरं जाळली आणि आमची शेतं राखली, तर शहरं पुन्हा उभी राहतील. पण शेतं उद्ध्वस्त झाली तर शहरांच्या रस्त्यांवर गवत उगवेल. टाळ्या प्रचंड पडल्या. पण त्या शहरात राहणाऱ्या कामगारानं हे वाक्य कसं ऐकलं असेल? भाषणात त्याचा उल्लेख होता, पण त्याला घर नव्हतं. विरोधकांनी नेमका तोच माणूस हेरला. निकाल लागला तेव्हा ब्रायनला सुमारे पासष्ट लाख मतं मिळाली होती, मॅकिन्लीला सुमारे एकाहत्तर लाख. मोठी औद्योगिक शहरं ब्रायनच्या हातून गेली.

आणखी एका श्रोत्याविषयी सांगायला हवं. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन अल्टगेल्ड. ते चांदीच्याच बाजूचे. मात्र उमेदवारीसाठी त्यांची पसंती दुसऱ्याला होती. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले मित्र, नामवंत वकील क्लॅरन्स डॅरो यांना म्हटलं, की टाळ्या थोडाच वेळ टिकतात, आणि मग विचारलं, मी ब्रायनच्या भाषणाचा विचार करतोय. तो नेमकं बोलला तरी काय?

मी कवितेच्या वाटेचा माणूस आहे. मुशायऱ्यात 'मुकर्रर, मुकर्रर' असा पुकारा होतो तेव्हा कवीला आभाळ ठेंगणं होतं. पण छप्पर उडवणारा शेर वेगळा आणि सकाळी कुणी वहीत उतरवून घेतो तो शेर वेगळा, हे प्रत्येक कवी मनातून जाणतो. म्हणून अल्टगेल्ड यांचा प्रश्न मला खोचक वाटत नाही, आवश्यक वाटतो.

मात्र तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर उत्तर सापडतं. ब्रायननं म्हटलं होतं, की मजूर, शेतकरी, आडगावचा दुकानदार हेही न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याइतकेच व्यावसायिक आहेत. सरकार चालवण्याच्या दोन कल्पना आहेत, असंही तो म्हणाला. एक, श्रीमंतांना सुखी करा, त्यांची समृद्धी झिरपत खाली येईल. दुसरी, सामान्यांना सुखी करा, त्यांची समृद्धी वरच्या सगळ्या थरांत चढत जाईल. प्राप्तिकराचीही त्यानं बाजू घेतली होती. तो कर १९१३ मध्ये घटनादुरुस्तीनंतर अमेरिकेत रुजला. चांदीचा आग्रह मात्र मागे पडला. नव्या खाणींतून सोनंच पुष्कळ आलं, पैसा वाढला, धान्याचे भाव सुधारले. म्हणजे पैसा कमी पडतो आहे, हे त्याचं दुखण्याचं निदान बरोबर होतं. औषधाबद्दल वाद होता. वेडा म्हणणाऱ्यांनी निदानही ऐकून घेतलं नाही.

ब्रायन पुढे १९०० आणि १९०८ मध्येही हरला. १९०६ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि इंग्रजी राज्यावर त्यानं कडक टीका करणारा लेख लिहिला. आपल्या राष्ट्रवाद्यांनी तो आवर्जून प्रसृत केला. आणि १९२५ मध्ये, डार्विनच्या सिद्धान्ताची शिकवण रोखणाऱ्या कायद्याची बाजू घेऊन तो टेनेसीतल्या डेटन गावच्या न्यायालयात उभा राहिला. समोर वकील कोण? तोच क्लॅरन्स डॅरो. त्यानं ब्रायनला साक्षीदाराच्या जागी बसवलं आणि एकेक साधा प्रश्न विचारत गेला. टाळ्यांना तिथं जागा नव्हती. ब्रायनची उत्तरं अडखळली. नंतर सहाच दिवसांनी तो वारला.

त्याच्या आवाजात ते जुनं भाषण आज ऐकायला मिळतं, पण ते ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष भाषणानंतर पाव शतकाहून अधिक काळानं झालेलं आहे. शब्द तेच, मात्र आवाज म्हाताऱ्या माणसाचा आणि समोर सभा नाही. १८९६ च्या त्या दुपारी काय झालं असेल, ते त्यातून कळत नाही.

श्रोतेहो, आपणही निवडणुका पाहतो. समोरच्या पक्षात एखादा बोलका, तेजस्वी माणूस उभा राहतो आणि आपल्या बाजूचे लोक लगेच म्हणतात, 'नुसता बोलघेवडा आहे.' अशा वेळी थोडं थांबावं. तो नेमकं काय बोलला, कुणाचं दुःख बोलला आणि कुणाचं सांगायचं राहिलं, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर द्यायचं ते या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करता येतं. आणि ते भाषण आपल्या आवडत्या नेत्याचं असेल, तर हेच तीन प्रश्न आधी आपण विचारावेत. टाळ्या वाजवून झाल्या, की घरी जाता जाता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)