बिल वेळेवर भरतो, मग व्याज कुठे?

आजचा विषय क्रेडिट कार्ड. पण कॅशबॅक कुठे जास्त मिळतो ते सांगणारा एपिसोड नाही हा. मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला, "दादा, मी मुस्लिम आहे, बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, मग कार्ड वापरलं तर चालतं का?" मी मुफ्ती नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण याच प्रश्नावर माझं अब्बांशी चांगलंच वाजलं होतं, ते सांगतो.

२०२१ ची गोष्ट. लॉकडाऊनमुळे मी पुण्याहून कराडला घरी येऊन काम करत होतो. पहिली नोकरी, पहिलं कार्ड. अब्बा म्हणाले, "अरे, यात व्याज असतं ना?" मी म्हटलं, "अब्बा, पन्नास दिवसांपर्यंत एक पैसा व्याज नाही. मी कधी उशीर करतच नाही." त्यांनी एवढंच विचारलं, "पण सही कशावर केलीस?" घरी आम्ही दखनीत बोलतो, इथे मराठीत सांगतोय. मला तेव्हा वाटलं, अब्बांना ॲप कळत नाही.

दोन महिन्यांनी बिल आलं ३८,४०० रुपयांचं. मी रात्री घाईत ३८,००० टाईप केले. चारशे राहिले. पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी मिळून साडेपंधराशे! कस्टमर केअर म्हणालं, पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. करारात लिहिलेलंच होतं. मी नुसता हॅपी पाथ टेस्ट केला होता. अब्बांनी एज केस विचारली होती.

मग मी वाचायला बसलो. मुळात रिबा म्हणजे काय? सोप्या भाषेत, उसन्या दिलेल्या पैशावर ठरवून घेतलेली वाढ. वस्तू विकून नफा घेणं चालतं, कारण त्यात माल आहे, जोखीम आहे. पैसे देऊन जास्त पैसे घेणं चालत नाही.

जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात नेमका हाच मुद्दा घेतला. करारात व्याजाची अट असेल तर कार्ड घेणंच योग्य नाही, मुदतीत भरायचा इरादा असला तरी. म्हणजे अब्बांचाच प्रश्न! पण दुकानदाराकडून बँक जे कमिशन घेते ते चालतं, ती सेवेची फी झाली. डेबिट कार्डालाही हरकत नाही, पैसे आपलेच असतात. आता हेही सांगायला हवं की काही मुफ्ती गरज असेल आणि व्याज लागूच द्यायचं नाही अशी खात्री असेल, तर सवलत देतात. त्यामुळे ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांच्याकडे बोट दाखवू नका.

मलेशियात शरियावर आधारलेली कार्डं आहेत, काही ठरलेल्या फीवर चालतात. आपल्याकडे तो पर्याय नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा विचार पुढे न्यायचा नाही असं ठरवलं.

जे मुस्लिम नाहीत, त्यांनी एपिसोड बंद करू नका! आपल्याकडे 'दामदुप्पट' नावाचा जुना नियम होता. हिंदू कायद्यातला, मुंबई इलाख्यात कोर्टही तो लावायचं. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको. व्याजाला कुठेतरी बांध हवा, हे सगळ्यांच्याच आज्यांना माहीत होतं.

हिशोब बघा. ५०,००० चं बिल, तुम्ही 'मिनिमम ड्यू' म्हणून ५ टक्के, म्हणजे २,५०० भरले. उरलेल्या ४७,५०० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,६६२, वर १८ टक्के जीएसटी. झाले जवळपास १,९६०. अडीच हजार भरून कर्ज साडेपाचशेही कमी झालं नाही.

मी कार्ड बंद केलं. फुकटात झालं नाही ते. रिवॉर्ड गेले, प्रवासात हॉटेलवाले डिपॉझिटला कार्ड मागतात तेव्हा अडतं. आणि गेल्या वर्षी अब्बांची अँजिओप्लास्टी निघाली, हॉस्पिटलने लगेच ॲडव्हान्स मागितला. त्या काउंटरवर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, उगाच बंद केलं. शेवटी मामेभावाने पैसे दिले, कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी. अब्बांनी बेडवरूनच सांगितलं, कागद कर, तारीख घाल, दोन साक्षीदार घे. कुराणातली सगळ्यात लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे. सात महिन्यांत फेडलं.

त्यातून मी शिकलो ते असं की नुसतं कार्ड बंद करून भागत नाही. आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला हवा. नाहीतर अडचणीच्या दिवशी तत्त्व टिकत नाही.

तुम्हालाही बंद करायचं असेल तर आधी सगळं बिल फेडा, मग लेखी अर्ज द्या. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. आणि कार्ड ठेवायचंच असेल, तर आज रात्री तो करार एकदा उघडून वाचा. सही आपलीच आहे त्यावर.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. अब्बा बरे आहेत, आणि हो, ते हा एपिसोड ऐकणार आहेत.