बॅग कोणी भरली?

मी बोरिवली-कांदिवली भागातल्या बचत गटांची समन्वयक. आज जरा जड विषय घेतलाय.

परदेशात कामाला गेलेला माणूस अमली पदार्थांसह पकडला गेला, त्याला फाशी सुनावली, अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, विष विकणाऱ्याला फाशीच हवी. दुसरा म्हणतो, गरिबाला फसवलं. आमच्या बैठकीतही हेच झालं. एका ताईंचा मुलगा पावडरच्या नादात वाया गेलाय. त्या ताडकन म्हणाल्या, "लटकवा सगळ्यांना." त्यांना कोण काय बोलणार? आईचं दुःख आहे ते. पण मला तेव्हापासून एकच प्रश्न सुचतोय: बॅग ज्याच्या हातात सापडली तो, की बॅग भरणारा?

आमच्या उपनगरातलंच घ्या. क्रिसॅन परेरा ही बोरिवलीची अभिनेत्री. एप्रिल २०२३ मध्ये वेब सिरीजच्या ऑडिशनला म्हणून शारजाला गेली. जाताना तिला एक ट्रॉफी दिली होती, ऑडिशनला लागेल म्हणून. त्या ट्रॉफीत अमली पदार्थ निघाले आणि पोरगी तुरुंगात. इकडे आई गप्प बसली नाही. मुंबई पोलिसांकडे गेली, कोणी बोलावलं, ट्रॉफी कोणी दिली, सगळं सांगितलं. गुन्हे शाखेनं दोघांना इथेच अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मूळ कारण काय, तर कुत्र्यावरून तिच्या आईशी झालेलं जुनं भांडण! मुलगी तीनेक आठवड्यांत तुरुंगातून सुटली आणि ऑगस्टमध्ये घरी आली.

दुसरं प्रकरण मुंबईच्याच एका जोडप्याचं. २०१९ मध्ये नात्यातल्या आत्यानं दोघांना कतारची सहल भेट दिली आणि बरोबर एक पाकीट दिलं, जर्दा आहे म्हणून. विमानतळावर चार किलोंवर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, बाळ तुरुंगातच जन्मलं. त्यांना कशानं वाचवलं? नवऱ्याचा एक फोन घरी राहिला होता. त्यात आत्याशी झालेलं बोलणं रेकॉर्ड होतं. वडिलांनी ते अमली पदार्थविरोधी खात्याला, म्हणजे एनसीबीला दिलं. इथे तपास झाला, आणि २०२१ मध्ये कतारच्या कोर्टानं दोघांना निर्दोष सोडलं.

नीट पाहा, दोन्हीकडे पुरावा इथे होता. पकडलेल्या माणसाच्या हातात तिकडे काहीच नसतं, भाषासुद्धा नाही. सिंगापूरचा कायदा तर सरळ धरून चालतो की वस्तू तुझ्याकडे होती म्हणजे तुला ठाऊक होती. नव्हती हे तू सिद्ध कर. तिथे पंधरा ग्रॅमहून जास्त शुद्ध हेरॉइनची वाहतूक केली की फाशी होऊ शकते. पंधरा ग्रॅम म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर.

आता त्या ताईंच्या मुद्द्याकडे येते. शिक्षा हवीच. पण फाशीनं मोठा मासा हाती लागतो का? फिलिपिन्सची मेरी जेन वेलोसो, दोन लेकरांची आई, दुबईत घरकाम करून आलेली. नोकरी लावते म्हणून ओळखीच्या बाईनं नेलं. २०१० मध्ये इंडोनेशियात तिच्या सुटकेसच्या अस्तरात २.६ किलो हेरॉइन निघालं आणि फाशीची शिक्षा झाली. एप्रिल २०१५ च्या त्या रात्री तिच्याबरोबरच्या आठ जणांना गोळ्या घातल्या. ती वाचली, कारण आदल्याच दिवशी तिला नेणारी बाई फिलिपिन्समध्ये पोलिसांपुढे हजर झाली होती आणि मेरी जेन साक्षीला हवी होती. त्या बाईला पुढे बेकायदा भरतीसाठी जन्मठेप झाली. मेरी जेन डिसेंबर २०२४ मध्ये मायदेशी परतली. त्या रात्री तिलाही मारलं असतं, तर बॅग भरणाऱ्यांविरुद्ध बोलणारं तोंडच मिटलं असतं.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही २०११ मध्ये म्हटलं की अमली पदार्थांच्या दुसऱ्यांदा केलेल्या गुन्ह्यालाही फाशी सक्तीची असू नये, न्यायाधीशाला माणूस पाहून ठरवता आलं पाहिजे. मला ते पटतं. त्या ताईंना अजून पटलेलं नाही. आमचं बोलणं चालू आहे.

मार्च २०२५ मध्ये सरकारनं राज्यसभेत सांगितलं की परदेशात ४९ भारतीयांना फाशीची शिक्षा सुनावलेली आहे, त्यातले २५ एकट्या अमिरातीत. सगळे अमली पदार्थांचे गुन्हे नव्हेत, पण प्रत्येकामागे एक घर आहे.

म्हणून, तुमच्या गावातून कोणी आखाती देशात निघालं असेल तर ऐका. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट नोंदणीत आहे का, कॉलेजला जाणाऱ्या पोरीला मोबाइलवर बघायला सांगा. दहावी न झालेल्यांना आखातात नोकरीला जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते, आणि तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ती मिळतच नाही. एजंट म्हणाला, "फिरायच्या व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर बघू," की समजा, वाट चोरटी आहे. तिकडे काही झालं तर सरकारकडे तुमची कामगार म्हणून नोंदच नसते.

बॅग स्वतः भरा. मग देणारी मावशी असो की मालकीण, लोणच्याची बरणी असो की औषधाची पुडी. "तिकडे माझा भाऊ घ्यायला येईल" असं म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. वाईट वाटलं तर वाटू दे. जाणाऱ्यानं पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात. एजंटचे मेसेज, रेकॉर्डिंग काही पुसू नका. आणि फोन आला की "पकडलंय", तर रडण्याआधी दोन ठिकाणी जा: पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर नोंद करा. अटक झालेल्यानं "आमच्या वकिलातीला कळवा" एवढं वाक्य पाठ करून जावं. तो त्याचा हक्क आहे. हिंदीत म्हणा, मोडक्या इंग्रजीत म्हणा, पण म्हणा.

झेरॉक्स ठेवायला घरात जागा नसेल तर गटाच्या पेटीत ठेवा, पासबुकांशेजारी.