स्क्रोल सॉची मांडणी

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक, वरखाली चालणाऱ्या पात्याने लाकडात नक्षी कापणारी विजेची करवत. बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलात साग भरपूर, आणि सागाच्या पातळ फळीत जाळीकाम देखणे उतरते. पण एकेका जाळीला तासन्‌तास लागतात, म्हणून यंत्राची मांडणी आधी नीट हवी.

उभ्याने काम करायचे तर यंत्राचे टेबल साधारण कोपराच्या उंचीवर असावे. बसून करायचे असल्यास मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन यंत्र थोडे पुढे कलवावे, म्हणजे मान न वाकवता रेघ दिसते. कलते यंत्र बोल्टने पक्के आवळलेच पाहिजे. थरथर जाणवली तर खाली जाड रबर घालावे.

पात्याचे दात खाली रोखलेले असावेत. ताण बरोबर असला की बोटाने छेडल्यावर पाते टणकन वाजते. ढिले पाते रेघ सोडून भरकटते. पाते टेबलाशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून पाहावे. पायाने दाबायचा स्विच ही सर्वांत मोठी सोय, कारण दोन्ही हात फळीवर राहतात. सागाची धूळ नाकाघशाला झोंबते, तेव्हा मास्क हवाच. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा.