कुसळीची ओळख

पावसाळा सरून हिंवाळ्याची चाहूल लागली, म्हणजे पालघरच्या काळदुर्गाच्या पायथ्याकडून बोईसर-तारापूरकडे जातांना माळरान तुडविणाऱ्याच्या धोतराला नि पायमोज्यांना तपकिरी सुया चिकटून येतात. उपटतांना त्या बोटाला टोंचतात. हें बीं कोणत्या गवताचें, असा प्रश्न साहजिकच पडतो. पण रोपटें मागें राहिलेलें असतें, तेव्हां ओळख पटावी कशी?

बियाच्या लांब शेपटाला पाण्याचा एक थेंब द्यावा. थोड्याच वेळांत तें शेपूट आपोआप फिरूं लागतें; वाळलें कीं उलट फिरून पुन्हां पीळ घेतें. त्याच्या पेशींच्या भिंती ओलाव्यानें फुगतात व सुकतांना आकसतात. त्यांतील सूक्ष्म तंतु तिरकस गुंडाळलेले असल्यामुळें शेपूट वळतें. त्याचें टोंक आजूबाजूच्या काड्यांत अडकलें, म्हणजे फिरणें बियाच्या वांट्यास येतें आणि खालची अणी मातींत घुसते. अणीवरील ताठ केस मागें झुकलेले असल्यानें ती माघारी येत नाहीं. रात्रीचें दंव आणि दिवसाचें ऊन यांच्या आळीपाळीनें बीं असें स्वतःला पुरून घेतें. फ्रान्सिस डार्विन यानें १८७६ सालीं पिसासारखें शेपूट असलेल्या एका गवताच्या बियांत हीच रीत वर्णिली होती.

तथापि एवढ्यावरून निर्णय देणें उतावीळपणाचें होईल. कारण अशी फिरकी इतरहि कांहीं गवतांच्या बियांत आढळते. म्हणून माळावर परत जाऊन कणीस पाहावें. कुसळीचें कणीस एकेकटें असतें. त्याच्या वरच्या भागांतील काळसर कुसळें पिकल्यावर एकमेकांत गुंतून दोरीसारखीं वळतात, खालच्या भागास मात्र कुसळें नसतात. ही खूण सांपडली, कीं संशय उरत नाहीं. लिनियसानें १७५३ सालीं ह्या गवतास ‘पिळलेलें’ अशा अर्थाचें लॅटिन विशेषनाम दिलें. ब्लॅटर व मॅक्कॅन यांच्या मुंबई इलाख्यांतील गवतांवरील १९३५ च्या ग्रंथांतहि त्याचें वर्णन आहे.

ही ओळख केवळ कौतुकापुरती नाहीं. कुसळें धरण्यापूर्वीं कापलेलें हें गवत गुरें खातात. पिकल्यावर तींच कुसळें गुरांच्या तोंडांत रुततात, आणि मेंढ्यांच्या लोंकरींतून कातड्यांत शिरून जखमा करतात. पुढें वणवा माळ जाळून जातो, परंतु मातींत दडलेलें बीं त्याच्या आंचेपासून बचावतें आणि मृगाच्या पावसानें रुजून येतें. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ पाहणाऱ्याची म्हण सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या गोठ्यांत गुरें आहेत, त्यानें मात्र स्वतःच्या कुरणांतील कुसळ वेळेवर पाहावें, हेंच हिताचें.