यात्रेहून आणायच्या वस्तू

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणी यात्रेला जातात. कोणी काशीला, कोणी रामेश्वराला. येताना शेजारणीसाठी काहीतरी आणावेसे वाटते, आणि वाटावेच. गंगाजल आणा, अंगारा आणा, बांगड्या आणा. परंतु देवळांच्या वाटेवर आणखी दोन वस्तू विकायला असतात, त्यांविषयी मला बोलायचे आहे.

पहिली हाथाजोडी. दोन हात जोडल्यासारखी दिसते; शेंदरात घोळून, लवंगांबरोबर डबीत घालून देतात. विकणारा सांगतो, ही विंध्याच्या रानातली दुर्मिळ मुळी, तिजोरीत ठेवा, लक्ष्मी घर सोडणार नाही. भगिनींनो, ही मुळी नव्हेच! हा घोरपडीच्या नराच्या शरीराचा वाळवलेला भाग आहे. कोणता, ते या सभेत उच्चारायला मला संकोच वाटतो. पण तो आपण देव्हाऱ्यात ठेवतो, एवढे ध्यानात घ्या. 2017 साली संशोधकांनी असे नग प्रयोगशाळेत तपासून हे उघड केले. काही तर नुसते प्लास्टिकचे निघाले. त्यांत पैसे गेले, जीव तरी गेला नाही.

ही बिचारी घोरपड शेतातले उंदीर-किडे खाते. सिंहगडाच्या गोष्टीत आपण तिला यशवंती म्हणून मुलांना कौतुकाने सांगतो, आणि यात्रेत तिच्याच मरणाचे पैसे मोजतो.

दुसरी वस्तू इंद्रजाल. काळे, जाळीदार, दृष्ट लागू नये म्हणून चौकटीत बसवून दारावर लावतात. तेही झाड नव्हे. समुद्रातल्या खडकाला धरून राहणाऱ्या बारीक जीवांची ती वसाहत असते. हातभर वाढायला तिला वर्षानुवर्षे लागतात, उपटायला एक क्षण. 2001 पासून तिला कायद्याचे संरक्षण आहे. घोरपडीला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचे आहेच. गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद. आणि विकणाराच नव्हे, जवळ बाळगणाराही गुन्हेगार!

कोणी म्हणेल, मी एकीने घेतली तर काय बिघडले? बसमधून उतरणारी प्रत्येक बाई हेच म्हणते. तिथले दुकान आपल्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच चालते.

घरच्या वडीलधाऱ्यांनीच आणायला सांगितले, तर नाही म्हणणे कठीण, हे मी जाणते. त्यांना वाद घालू नका. वस्तू कशाची, एवढेच हळूच सांगा. आमच्या शेजारच्या आजींना मी सांगितले, तर त्यांनी डबी वनखात्याच्या कचेरीत पोचवायला नातवाला तेव्हाच पिटाळले, देव्हारा दोनदा धुतला, आणि मगच चहा घेतला.