दाढ निघाली, बधिरपणा राहिला



दाढ काढून घरी आलं की ओठ जड वाटतो, पाणी प्यायलं तर ते तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळतं. हा भुलेचा अंमल. साधारण ३ ते ५ तासांत तो उतरतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरतानाही ज्यांचा ओठ किंवा अर्धी जीभ बधिर असते, त्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे.

त्याआधी, घरचे सगळ्यांत जास्त ज्याला घाबरतात तो प्रकार सांगतो. खालच्या दाढेसाठी भुलेचं इंजेक्शन जबड्याच्या आतल्या बाजूला, बरंच मागं द्यावं लागतं. सुई थोडी जास्त मागं गेली तर औषध कानापुढच्या लाळग्रंथीत उतरतं, आणि चेहरा हलवणारी नस नेमकी त्याच ग्रंथीतून जाते. काही मिनिटांत त्या बाजूचा डोळा मिटेनासा होतो, तोंड वाकडं होतं. ‘वारं गेलं’ म्हणून बाहेर बसलेली मंडळी हवालदिल होतात. भूल उतरली की हा चेहरा पूर्ववत होतो. तोवर डोळा तेवढा जपायचा: कोरडा पडू द्यायचा नाही, पापणी मिटून वर स्वच्छ पट्टी ठेवायची. मात्र तोंड वाकडं व्हायला एखाददुसरा दिवस उलटल्यावर सुरुवात झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि सोबत हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर दाढेला दोष देत बसू नका. तडक मोठं रुग्णालय गाठा.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही समजूतही सोडून द्या. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी.

आता त्या न जाणाऱ्या बधिरपणाकडे येऊ. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते. तिच्यातली नस हनुवटीपाशी बाहेर येते आणि खालच्या ओठाला स्पर्श कळवते. अक्कलदाढेची मुळं कधी कधी या नळीला अगदी टेकलेली असतात. दुसरी नस जिभेची. ती अक्कलदाढेच्या आतल्या अंगाला, हिरडीच्या त्वचेखालून जाते आणि एक्स-रेत दिसत नाही. अक्कलदाढ काढताना, इम्प्लांटसाठी हाड कोरताना, रूट कॅनलचं औषध मुळाबाहेर गेल्यावर, क्वचित नुसत्या इंजेक्शननंही या नसांना इजा होते. ओठाचा बधिरपणा कायमचा राहण्याचं प्रमाण अक्कलदाढेच्या बाबतीत शंभरात एकाहूनही कमी आहे. पण ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याला ओठावर भाताचं शीत चिकटलेलं कळत नाही, चहाचा चटका कळत नाही, दाढी करताना कापलेलं आरशात दिसतं तेव्हा समजतं. काहींना बधिर जागीच आग होते, मुंग्या येतात, पदराचा वारासुद्धा सोसवत नाही.

म्हणून दाढ काढण्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे पाहायलाच हवा. नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, तर त्रिमितीय स्कॅन करावा. धोका मोठा असेल तर दाढेचा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवता येतात. आणि जी अक्कलदाढ त्रास देत नाही, रोगट नाही, ती ‘पुढं कधी दुखेल’ म्हणून काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेनं २००० साली तशीच मार्गदर्शक सूचना दिली होती.

इजा झालीच तर सगळी भिस्त वेळेवर. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर ते पहिल्या दीड दिवसात काढावं. रूट कॅनलचं औषध नळीत उतरलं असेल तर ४८ तासांच्या आत हालचाल व्हावी. इतरांच्या बाबतीत डॉक्टर कापसाच्या धाग्यानं आणि टाचणीच्या टोकानं हनुवटी तपासतात. डोळे मिटून ‘कळतंय’, ‘नाही कळत’ एवढंच सांगायचं. बधिर भागाची हद्द पेन्सिलीनं त्वचेवर आखून फोटो काढतात आणि पुढच्या भेटीत ती आकसली का, ते पाहतात.

हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदानं १९४३ मध्ये नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. नस नुसती दबली असेल तर ती काही आठवड्यांत जागी होते. आतले तंतू तुटले, पण वेष्टन शाबूत असेल, तर ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढत पुढं सरकतात, महिने लागतात. नस पुरती तुटली असेल तर शस्त्रक्रियाच हवी. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यानं टोकं जोडतात, अंतर पडलं असेल तर पोटरीजवळची नस मध्ये बसवतात. तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल तर या शस्त्रक्रियेचा विचार करावा. उशीर होईल तसं यश घटतं. आग होत असेल तर साध्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. प्रीगॅबालिन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात. बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन ‘होईल बरं’ म्हणत सहा महिने घालवणं, हे मला सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

श्रोतेहो, दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल, तर संकोच न करता त्याच दिवशी दवाखान्यात कळवा आणि तपासणीची नोंद मागून घ्या. आणि माझ्या दंतवैद्य मित्रांना विनंती: रुग्णाच्या फोनची वाट पाहू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी आपणच त्याला फोन करा.